गोड्या पाण्यातील कवचधारी प्राण्यांमध्ये जड धातूंची विषबाधा व संचय : भिलाई-दुर्ग परिसराच्या निमित्ताने

प्रस्तावना

भिलाईच्या सिविक सेंटरपासून काही किलोमीटर अंतर कापले, की पोलादनगरीची आखीव वसाहत मागे पडते आणि धानाची खाचरे व गावतळी दिसू लागतात. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार येथे पोलाद कारखान्याची उभारणी सुरू झाली आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली. या औद्योगिक पट्ट्याच्या पश्चिमेस दुर्गजवळून शिवनाथ नदी वाहते, तर पूर्वेस रायपूरच्या बाजूला खारून नदी आहे. दोन्ही नद्यांचे पाणी अखेर महानदीस मिळते. मधल्या प्रदेशात शेकडो निस्तारी तलाव आहेत. अंघोळ, गुरांचे पाणी आणि मासेमारी हे सारे या एकाच पाण्यावर चालते.

या तलावांतील व खाचरांतील चिंगरी आणि केकरा, म्हणजेच आपली कोळंबी आणि खेकडा, हे ग्रामीण कुटुंबाचे स्वस्त प्रथिन आहे. वाळवलेल्या चिंगरीची सुकसी वर्षभर पुरवून खाल्ली जाते. सीमेपलीकडील गोंदिया-भंडारा भागात मामा तलावांतील झिंग्यांचे स्थानही असेच आहे. त्यामुळे उद्योग, रस्ते आणि शेती यांच्या सान्निध्यात असलेल्या तलावाकाठचा शेतकरी जेव्हा विस्तार कार्यकर्त्यास विचारतो, की 'आमच्या तळ्यातील कोळंबी खावी का आणि विकावी का', तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर नुसत्या अंदाजाने देता येत नाही. तपासणीशिवाय एखादे तळे दूषित ठरविणे जितके अयोग्य, तितकेच तपासणीशिवाय त्यास निर्धोक म्हणणेही अयोग्य होय. हे उत्तर शोधण्यासाठी आवश्यक असलेली शास्त्रीय पार्श्वभूमी आणि व्यवहार्य पद्धती प्रस्तुत लेखात मांडली आहे.

आवश्यक धातू आणि अनावश्यक धातू

पर्यावरणाच्या चर्चेत 'जड धातू' या संज्ञेखाली साधारणतः कॅडमियम, शिसे, पारा, क्रोमियम, निकेल, तांबे व जस्त यांचा समावेश होतो. आर्सेनिक हे काटेकोरपणे धातू नसले, तरी त्याचा विचार याच गटात केला जातो. या धातूंचे दोन वर्ग लक्षात ठेवावेत. तांबे आणि जस्त सजीवांस अल्प प्रमाणात आवश्यक असतात. कोळंबी व खेकड्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोसायनिन हे प्रथिन तांब्यावर आधारलेले असते. आपल्या रक्तात जे काम लोह करते, ते त्यांच्या रक्तात तांबे करते आणि म्हणूनच त्यांचे रक्त प्राणवायूच्या संयोगाने निळसर दिसते. याउलट कॅडमियम, शिसे व पारा यांचा या प्राण्यांच्या शरीरास कोणताही ज्ञात उपयोग नाही. ते जितके शरीरात राहतील तितका अपाय वाढतो.

धातूंचे कीटकनाशकांप्रमाणे विघटन होत नाही. ते रूप बदलतात, पाण्यातून गाळात आणि गाळातून पुन्हा पाण्यात जातात, परंतु नाहीसे होत नाहीत. या प्रश्नाचे गांभीर्य याच गुणधर्मात आहे.

कवचधारी प्राणीच अधिक संवेदनशील का?

गोड्या पाण्यात क्षारांचे प्रमाण अत्यल्प, तर प्राण्याच्या रक्तात ते कितीतरी अधिक असते. त्यामुळे शरीरातील क्षार सतत बाहेर झिरपतात आणि ही तूट भरून काढण्यासाठी कोळंबी व खेकडा आपल्या कल्ल्यांतून सोडियम व कॅल्शियमचे आयन अविरत आत ओढून घेतात. धातू याच दारांनी आत शिरतात. कॅडमियमचा आयन आकाराने व विद्युतभाराने कॅल्शियमशी मिळताजुळता असल्यामुळे तो कॅल्शियमच्या मार्गाने प्रवेश करतो. तांबे सोडियमच्या मार्गाचा आधार घेते आणि क्षारसंतुलन राखणाऱ्या विकराचे कार्य मंदावते. अशा प्राण्याच्या मृत्यूचे प्रत्यक्ष कारण बहुधा रक्तातील क्षारांचा ऱ्हास हेच असते.

दुसरे कारण कात टाकण्याच्या क्रियेत आहे. वाढीसाठी या प्राण्यांना जुने कवच टाकून नवे धारण करावे लागते. कात टाकल्यानंतरचे काही तास ते दिवस अंग मऊ असते आणि नवे कवच कठीण करण्यासाठी पाण्यातून कॅल्शियम मोठ्या वेगाने शोषले जाते. त्याच वेळी धातूंचे शोषणही वाढते. एरवी सहन होणारी धातूची मात्रा या अवस्थेत घातक ठरू शकते. तळ्यात अधूनमधून केवळ मऊ कवचाची कोळंबी मेलेली आढळत असेल, तर प्राणवायूच्या कमतरतेबरोबर ही शक्यताही तपासावी.

तिसरे कारण राहणीचे आहे. खेकडा बिळात व गाळात राहतो आणि कोळंबी तळाशी फिरून कुजके पदार्थ खाते. धातूंचा सर्वाधिक साठा गाळातच असल्यामुळे पाणी आणि अन्न अशा दोन्ही वाटांनी तो त्यांच्या शरीरात जातो.

महाराष्ट्रात या विषयाला अभ्यासाची परंपरा आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात डॉ. आर. नागभूषणम, डॉ. आर. सरोजिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बॅरिटेल्फ्यूसा क्युनिक्युलॅरिस हा गोड्या पाण्यातील खेकडा आणि मॅक्रोब्रॅकियम प्रजातीतील कोळंबी यांच्या शरीरक्रिया, संप्रेरके व प्रजनन यांवर दीर्घकाळ संशोधन केले. आपल्या ओढ्यांतील हा सामान्य खेकडा त्यामुळे प्रयोगशाळेतील महत्त्वाचा प्राणी ठरला.

शरीरात धातू कोठे साठतात?

धातूंचा साठा शरीरभर सारखा नसतो. विस्तार कार्यकर्त्याने पुढील वाटणी ध्यानात ठेवावी.

कल्ले : पाण्यातून आलेल्या धातूचा पहिला स्पर्श येथे होतो. अलीकडे झालेल्या प्रदूषणाची खूण प्रथम कल्ल्यांत दिसते.

यकृत-अग्निपिंड : डोके व छाती झाकणाऱ्या कवचाखालचा हा मऊ, पिवळसर-तपकिरी अवयव होय. अन्नाचे पचन, साठवण व विषनिवारण ही कामे येथे चालतात. कॅडमियम व तांब्याचा सर्वाधिक साठा सामान्यतः याच अवयवात आढळतो.

कवच : शिसे कॅल्शियमची जागा घेऊन कवचात बसते. कात टाकताना त्याचा काही भाग शरीराबाहेर जातो, परंतु अनेकदा प्राणी टाकलेली कात स्वतःच खातो आणि तो साठा परत मिळवितो.

स्नायू : शेपटीचे व पायांचे मांस म्हणजे आपण मुख्यतः खातो तो भाग. कॅडमियम व शिशाचे प्रमाण येथे बहुधा सर्वांत कमी असते. पाऱ्याचे मिथिलपारा हे रूप मात्र स्नायूंतील प्रथिनांना घट्ट चिकटते आणि म्हणून मांसातही आढळते.

शरीर या धातूंशी दोन प्रकारे झुंजते. मेटॅलोथायोनिन नावाची गंधकयुक्त प्रथिने धातूला बांधून निष्क्रिय करतात. तसेच पेशींमध्ये धातूचे अविद्राव्य कण तयार होऊन ते बाजूला ठेवले जातात. तांबे व जस्त यांचे प्रमाण कोळंबी व खेकडा ठरावीक मर्यादेपर्यंत नियंत्रित राखू शकतात. ही मर्यादा ओलांडली, की नियंत्रण ढासळते आणि साठा वेगाने वाढतो. कॅडमियम व शिशासाठी असे नियंत्रण जवळजवळ नसते.

येथे एक प्रचलित गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अन्नसाखळीत प्रत्येक पायरीवर धातूचे प्रमाण वाढतच जाते, असे सरसकट सांगितले जाते. ही गोष्ट मिथिलपाऱ्याबाबत निश्चित खरी आहे. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली अधिकृतपणे नोंदली गेलेली विषबाधा पाऱ्याने दूषित मासे व शिंपवर्गीय प्राणी खाल्ल्यामुळे झाली होती. शिसे व कॅडमियम मात्र प्रत्येक पायरीवर वाढतातच असे नाही. खालच्या पायरीवरील झिंग्यात त्यांचे प्रमाण वरच्या पायरीवरील मोठ्या माशाच्या मांसापेक्षा अधिक असू शकते. म्हणून 'मोठा मासा टाळा, बारीक झिंगे निर्धोक' हा सल्ला सर्व धातूंना लागू होत नाही.

विषबाधेची लक्षणे व चाचणी

धातूंची विषबाधा दोन प्रकारची असते. तीव्र विषबाधेत प्राणी तडफडतात, कडेला येतात, तोल जाऊन पडतात आणि काही तासांत वा दिवसांत मरतात. दीर्घकालीन विषबाधा मात्र नजरेस पडत नाही. भूक मंदावते, वाढ खुंटते, कात टाकण्याचे अंतर लांबते, माद्यांच्या अंड्यांची संख्या घटते आणि पिल्ले जगत नाहीत. कल्ले काळवंडणे हे लक्षण धातूंमुळे दिसू शकते, परंतु बुरशी, जिवाणू व सेंद्रिय गाळ यांमुळेही ते दिसते. एकट्या लक्षणावरून निदान करू नये.

प्रयोगशाळेत विषारीपणा मोजण्यासाठी ९६ तासांत निम्मे प्राणी दगावतील अशी मात्रा काढली जाते. डॅफ्निया या सूक्ष्म कवचधारी प्राण्यासाठी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने प्रमाणित केलेल्या पद्धती जगभर वापरल्या जातात. त्यांपैकी तीव्र चाचणी ४८ तासांची, तर प्रजननाची चाचणी २१ दिवसांची असते. डॅफ्नियाला मत्स्यशेतीत थेट महत्त्व आहे, कारण कार्प माशांच्या पिल्लांचे ते नैसर्गिक खाद्य आहे. डॅफ्निया नाहीसे झाले, की पाण्यात विष जाणवण्याइतके नसले तरी मत्स्यबीज उपाशी राहते.

मर्यादांचा अर्थ कसा लावावा?

पुढील आकडे मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये आहेत. पहिला आकडा पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातील, म्हणजे भा. मा. १०५०० : २०१२ मधील स्वीकार्य मर्यादेचा आहे. दुसरा आकडा पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ नुसार अंतर्गत जलाशयात सोडावयाच्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मर्यादेचा आहे.

कॅडमियम : ०.००३ व २.०
शिसे : ०.०१ व ०.१
पारा : ०.००१ व ०.०१
तांबे : ०.०५ व ३.०
जस्त : ५ व ५.०

या आकड्यांमागील हेतू वेगवेगळे आहेत. पिण्याच्या पाण्याची मर्यादा मानवासाठी आहे, कोळंबीसाठी नव्हे. मृदू पाण्यात डॅफ्नियाला ४८ तासांत निश्चल करणारी तांब्याची मात्रा लिटरला साधारण १० ते १०० मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे ०.०१ ते ०.१ मिलिग्रॅमच्या टप्प्यात असते. जस्ताचे ५ मिलिग्रॅम मानवास चालतात, परंतु डॅफ्नियाला मारक ठरतात. म्हणून 'पाणी पिण्यायोग्य असल्याचा अहवाल आहे' एवढ्यावरून ते कोळंबीच्या बीजास योग्य ठरत नाही. तसेच सांडपाणी मर्यादेत असले, तरी ते ज्या नाल्यात सोडले जाते त्यात विरळ होण्याइतके पाणी आहे काय, हे उन्हाळ्यात विशेषत्वाने पाहावे लागते.

पाण्याचे गुणधर्मही निर्णायक असतात. पाण्याचा जडपणा जास्त असेल तर कॅल्शियम व मॅग्नेशियमचे आयन कल्ल्यांवरील जागांसाठी धातूंशी स्पर्धा करतात आणि विषारीपणा घटतो. सामू उतरला की धातूंचे मुक्त आयन वाढतात. विरघळलेले सेंद्रिय द्रव्य तांब्याला बांधून ठेवते. म्हणून धातूच्या अहवालासोबत सामू व जडपणा यांची नोंद नसेल, तर त्या अहवालाचा पूर्ण अर्थ लागत नाही.

दोन उदाहरणे

पहिले उदाहरण काल्पनिक असून केवळ आकडेमोड समजण्यासाठी आहे. समजा तलावाच्या पाण्यात कॅडमियम लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. हे प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या ३ मायक्रोग्रॅम मर्यादेच्या आत आहे. त्याच तलावातील झिंग्यात ते किलोला ६०० मायक्रोग्रॅम आढळले. ६०० भागिले २ म्हणजे संचयाचे गुणोत्तर ३०० झाले. युरोपीय संघाने कवचधारींच्या मांसासाठी ठरविलेली कॅडमियमची मर्यादा ओल्या वजनावर किलोला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम आहे. शिशासाठीही तेवढीच मर्यादा आहे. पाणी 'उत्तीर्ण' आणि झिंगा 'अनुत्तीर्ण' असा निकाल त्यामुळे संभवतो. केवळ पाणी तपासून थांबू नये, हा यातील बोध आहे.

दुसरे उदाहरण शेतकऱ्याच्या हातातील आहे. एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद व १ किलो चुना लागतो. मोरचुदात सुमारे २५ टक्के तांबे असते. म्हणजे १०० लिटर मिश्रणात सुमारे २५० ग्रॅम आणि पंपात उरलेल्या २ लिटरमध्ये ५ ग्रॅम तांबे असते. २० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल शेततळ्यात ५ लाख लिटर पाणी मावते. त्यात हा पंप एकदा विसळला, तर लिटरला १० मायक्रोग्रॅम तांब्याची भर पडते. त्याचा बराचसा अंश गाळात बसतो हे खरे. परंतु हंगामात दहा वेळा विसळल्यास गाळातील साठा वाढत जातो. कारखान्याच्या धुराड्याकडे पाहताना बांधावरचा पंप नजरेतून सुटू नये.

संभाव्य स्रोत

झोतभट्टीच्या वायूतून वेगळ्या होणाऱ्या धुळीत व चिखलात जस्त व शिसे येऊ शकते. विद्युतनिर्मितीच्या राखेत आर्सेनिक व क्रोमियमसह अनेक धातू असतात. रस्त्यांवरील टायर व ब्रेकच्या झिजेतून जस्त व तांबे पहिल्या पावसात नाल्यांत उतरतात. जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या कामातून शिसे येते. रंगीत मूर्तींच्या विसर्जनातून रंगांतील धातू तळ्यात जातात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनाबाबत २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या व २०२० मध्ये त्या सुधारल्या. भिलाई-दुर्गमधील मराठी कुटुंबांच्या गणेशोत्सवालाही त्या लागू आहेत. शेतीतून मोरचूद, जस्त सल्फेट आणि स्फुरदयुक्त खतांतील अल्प कॅडमियम येते.

सर्वच धातू मानवी उद्योगातून येतात असे नाही. शिवनाथच्या वरच्या भागातील अंबागड चौकी परिसरात, विशेषतः कौडीकसा गावी, भूजलात आर्सेनिक आढळल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्याचा उगम मुख्यतः तेथील खडकांत आहे. आर्सेनिकचे सेंद्रिय रूप कमी विषारी व असेंद्रिय रूप अधिक विषारी असते. म्हणून झिंग्यातील एकूण आर्सेनिकबरोबर असेंद्रिय आर्सेनिकही मोजून घ्यावे.

नमुना घेण्याची पद्धत

१. पाणी, गाळ व प्राणी यांचे नमुने एकाच दिवशी व एकाच ठिकाणचे घ्यावेत. तुलनेसाठी प्रदूषणापासून दूर असलेल्या तलावाचे नमुनेही घ्यावेत.

२. पाण्यासाठी आम्लाने धुतलेली प्लास्टिकची बाटली प्रयोगशाळेकडून घ्यावी. विरघळलेले धातू मोजावयाचे असल्यास पाणी आधी गाळून मगच त्यात नत्राम्ल घालावे.

३. गाळ वरच्या ५ सेंटिमीटर थरातून प्लास्टिकच्या चमच्याने घ्यावा. धातूची भांडी टाळावीत.

४. साधारण सारख्या आकाराचे १० ते १५ प्राणी घ्यावेत. नुकतीच कात टाकलेले प्राणी वेगळे ठेवावेत. पोटातील गाळ निघून जाण्यासाठी त्यांना २४ तास स्वच्छ पाण्यात ठेवावे आणि नंतर बर्फात पाठवावे.

५. मांस व यकृत-अग्निपिंड यांची तपासणी स्वतंत्रपणे करून मागावी. लोक प्राणी सबंध खात असतील, तर सबंध प्राण्याचीही तपासणी करावी.

६. अहवाल ओल्या वजनावर आहे की कोरड्या, हे विचारावे. कोळंबीत ८० टक्के पाणी धरल्यास कोरड्या वजनावरील २.० मिलिग्रॅम म्हणजे ओल्या वजनावर ०.४ मिलिग्रॅम होय. या एका तपशिलाच्या दुर्लक्षामुळे अकारण घबराट पसरू शकते.

शेतकऱ्यांसाठी उपाययोजना

बीज सोडण्यापूर्वी तळ्यात बारीक जाळीच्या पिंजऱ्यात २० निरोगी पिल्ले ४ दिवस ठेवून पाहावीत आणि तितकीच पिल्ले चांगल्या पाण्यात ठेवून तुलना करावी. या साध्या चाचणीने तीव्र विषबाधा कळते, धातूंचा संचय मात्र कळत नाही.

कोळंबीच्या तळ्यात शेवाळ मारण्यासाठी मोरचूद वापरू नये. फवारणीचे पंप तळ्यापासून दूर धुवावेत. रस्त्याकडून येणारे पहिल्या पावसाचे पाणी चर काढून वळवावे. पाणी मृदू व आम्लधर्मी असल्यास तपासणीनुसार शेतीचा चुना द्यावा. चुन्याने धातूंचा त्रास कमी होतो, धातू नाहीसे होत नाहीत.

तळे वाळविणे ही एरवी उत्तम पद्धत आहे. परंतु प्राणवायूविरहित गाळात सल्फाइडने बांधलेले धातू गाळ वाळून हवेशी संयोग झाल्यावर मोकळे होऊ शकतात. म्हणून संशयित तळे वाळविल्यानंतर पहिले पाणी भरताच बीज सोडू नये, आधी पाण्याची तपासणी करावी. असा गाळ तपासणीशिवाय धानाच्या खाचरातही टाकू नये. जपानच्या जिंझू नदीच्या खोऱ्यात कॅडमियमयुक्त पाण्यावर पिकलेल्या भातामुळे उद्भवलेला इताई-इताई हा हाडांचा विकार १९६८ साली तेथील शासनाने प्रदूषणजन्य म्हणून मान्य केला. तळ्यातील समस्या शेतात नेणे हा उपाय नव्हे.

आहाराविषयी सल्ला

जागतिक तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये कॅडमियमची सहनीय मात्रा शरीराच्या दर किलो वजनास महिन्याला २५ मायक्रोग्रॅम ठरविली. १५ किलोच्या बालकासाठी ती ३७५ मायक्रोग्रॅम होते. किलोला ०.५ मिलिग्रॅम कॅडमियम असलेल्या ताज्या झिंग्यांच्या पाऊण किलोत ती पूर्ण होते, आणि भातातून येणारे कॅडमियम वेगळेच. शिशाबाबत तर कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणून सांगता येत नाही.

तळे संशयित असल्यास तपासणीचा निकाल येईपर्यंत कोळंबीचे डोके काढून केवळ शेपटीचे मांस खावे आणि खेकड्याच्या कवचातील पिवळसर-तपकिरी भाग टाकून द्यावा. सुकसी सबंध खाल्ली जाते आणि वाळवल्याने तिच्यातील धातूचे प्रमाण चार ते पाच पटींनी वाढते. आपल्याकडे काळ्या खेकड्यांचे पाय व कवच वाटून त्यांचा रस्सा करतात आणि अशक्त माणसास, बाळंतिणीस वा मुलास मुद्दाम देतात. स्वच्छ ओढ्यातील खेकड्यांबाबत त्यात वावगे नाही. परंतु संशयित पाण्यातील खेकडा असा सबंध वाटला, तर कल्ले, कवच व यकृत-अग्निपिंड यांतील साठा त्याच वाटीत उतरतो आणि तो सर्वांत दुर्बल व्यक्तीच्या पोटात जातो. उकळल्याने धातू नष्ट होत नाहीत, हे गावसभेत आवर्जून सांगावे.

समारोप

कोळंबी व खेकडा हे पाण्याचे स्वस्त आणि विश्वासू निरीक्षक आहेत. पाण्याचा एक नमुना त्या क्षणाची स्थिती सांगतो, तर त्यांच्या शरीरात अनेक महिन्यांचा इतिहास साठलेला असतो. विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या क्षेत्रातील नाल्यालगतच्या तलावांची यादी करून वर्षातून दोनदा, म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्यानंतर, वरील पद्धतीने नमुने घ्यावेत आणि निकाल तलावाच्या नावासह मच्छीमार संस्था व ग्रामपंचायत यांना लेखी द्यावा. तीन वर्षांच्या अशा नोंदी हाती असतील, तर तक्रार करावयाची असो वा शंका मिटवावयाची, शेतकऱ्याजवळ पुरावा असेल.